एका चाकाच्या बदल्यात

दुकानात मोटार घेऊन आलेला माणूस आधी मोटार खाली ठेवतो, कंबर सरळ करतो, मग त्याचं लक्ष वर जातं आणि तो विचारतो, "राव, हिचं दुसरं चाक कुठं गेलं?" गेल्या दिवाळीपासून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता हसूही येत नाही. हिला दुसरं चाक नसतंच. ही एकचाकी सायकल आहे, सर्कशीत असते तसली. एक चाक, त्यावर चिमटा, चिमट्यावर शीट आणि चाकाच्या पोटातूनच निघालेली दोन पायडलं. चेन नाही, ब्रेक नाही, हँडल नाही. एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग येती का तुमाला?" येते. पण ती दुकानात टांगली त्या दिवसापासून मी तिच्यावर बसलेलो नाही, आणि ते का, हे मोटार घेऊन आलेल्या माणसाला सांगण्यासारखं नाही.

अवसरी बुद्रुकला माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी लोक आणून टाकतात. त्या उघडायच्या, जळकी तार उपसून काढायची, नवी तार भरायची, वार्निश करून उन्हात ठेवायच्या. पिकाला पाणी द्यायची वेळ असते, म्हणून प्रत्येकाला मोटार कालच हवी असते. माझा स्वभाव तापट आहे. गिऱ्हाइकं तोंडावर म्हणतात की मोटारीआधी हाच जळायचा. खोटं नाही.

माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी अक्का डिंभ्याला दिलेली. दाजी धरणाच्या पाण्यात जाळी टाकतात आणि थोडी भातशेती बघतात. लग्नानंतर बारा वर्षांनी अक्काला मुलगी झाली. एवढी वाट बघून झालेलं लेकरू म्हणून अक्का तिला कुणाकडे राहू द्यायची नाही, फक्त मामाकडे द्यायची. शाळेला सुट्टी लागली की दुसऱ्या दिवशी पोरगी पिशवी घेऊन बसमध्ये बसायची. माझा मुलगा पुण्याला शिकायला गेल्यापासून आमच्या घरात आवाज असायचा तो तिचाच. दिवसभर ती माझ्या दुकानात असायची, जमिनीवरचे तांब्याच्या तारेचे तुकडे वेचून त्यांच्या अंगठ्या करायची आणि गिऱ्हाइकांना विचारायची, "तुमची मोटार कशानं जळली?" ती असली की माझा आवाज खाली यायचा, हे बायकोचं निरीक्षण.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात ती अकरा वर्षांची होती. आल्या आल्या तिनं मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा देशातली एक मुलगी एका चाकावर बसून हात पसरून रस्त्यानं चालली होती.

"मामा, मला ही पायजे."

"आपल्याकडं न्हाई मिळत असली."

"मग सेकंड हँड बघा ना."

तिच्या बापाची होडी सेकंड हँड, मामाची मोटारसायकल सेकंड हँड. नवं मिळत नसलं तरी जुनं कुठंतरी असतंच, अशी तिची खात्री होती. मी चार गिऱ्हाइकांना विचारलं. त्यातल्या एकानं सांगितलं की जुन्नरला एक म्हातारा पंक्चर काढतो, तो आधी सर्कशीत होता, त्याच्याकडे तसलं काहीतरी आहे.

बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्याची टपरी सापडली. म्हातारा एका पायावर जोर देऊन चालायचा, दुसऱ्या पायाचा खुबा कामातून गेलेला. टपरीच्या आत गोणपाटात गुंडाळलेली एकचाकी खिळ्याला अडकवलेली होती. त्यानं ती काढून पुसली आणि भाचीच्या शेजारी उभी केली. मग पाना घेतला, शीट खाली घेतलं आणि तिच्या पोटाशी लावून बघितलं.

"शीट बेंबीला आलं पायजे," तो म्हणाला. "त्याच्या वर नको, खाली नको. हां, आता बराबर."

मी किंमत विचारली तर त्यानं मान हलवली. "ज्याला बसता येत न्हाई, त्याला मी ही विकत न्हाई, पावणं. दोघं-तिघं येऊन गेलं. घरी नेणार, दोन दिस पडणार, मग माळ्यावर टाकणार. माज्या भाकरीचं चाक हाय हे. हितं शिका, मला एक पैसा देऊ नका. ह्या भिंतीपासून त्या लिंबापत्तोर जो हात न लावता नेईल, त्याची सायकल."

भिंत आणि लिंबाचं झाड यांच्यात तीस-बत्तीस पावलं असतील. मी भडकलो. म्हटलं, "म्हातारबा, विकायची का न्हाई तेवढं सांगा, शाळा नका शिकवू." त्यानं पंक्चरच्या ट्यूबवर कानस घासायला घेतली, जणू मी तिथं नव्हतोच.

भाचीनं माझा हात ओढला. "मामा, आपण दोघं शिकू."

असा मी, चाळिशीचा, पोट सुटलेला माणूस, जुन्नरच्या गल्लीत एका चाकावर चढायला लागलो. मंगळवारी आणि रविवारी दुकान दुपारी बंद करायचो आणि आम्ही मोटारसायकलवर निघायचो. पहिले दोन-तीन दिवस नुसती भिंत धरून वर बसायचं काम. बसलो की चाक पुढं पळायचं आणि मी मागं, नाहीतर उलटं. म्हातारा बाकावरून ओरडायचा, "बूड शीटवर टाका! पायावर उभं ऱ्हाऊ नका! चाकाकडं काय बघताय, लिंबाकडं बघा!" एक पायडल वर आणि एक खाली असं उभं झालं की चाक अडायचं आणि खेळ खलास. पडताना सायकल वाचवायला जायचं नाही, तिला पडू द्यायचं आणि आपण पायावर उभं राहायचं, हे त्यानं आधी शिकवलं. मला तेच सगळ्यात उशिरा जमलं. माझ्या हातातून वस्तू पडली की मला राग येतो.

भिंतीनंतर खांदा. भाची माझा खांदा धरायची ते सोपं होतं. मी वर बसलो की तिचा खांदा माझ्या हाताला पुरायचा नाही, मग ती हात उंच करून माझा पंजा धरायची आणि बाजूनं पळायची. माझं एवढं वजन तिच्या त्या बारीक हातावर यायचं. एकदा मी पडलो ते तिच्यावरच. दोघांचे कोपर सोलले. ती रडेल म्हणून मी घाबरलो तर ती रस्त्यावर बसून हसत होती. येताना नारायणगावला उसाचा रस प्यायचो आणि घरी बायकोला काय सांगायचं ते ठरवायचो.

मे महिन्यात अक्का आठ दिवस माहेरपणाला आली. एका रविवारी तीही आमच्याबरोबर जुन्नरला आली, मोटारसायकलवर आम्ही तिघं. ती म्हाताऱ्याच्या बाकावर बसली आणि मी चाकावर चढून दोन पावलांत खाली आलो तेव्हा पदर तोंडात कोंबून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी लहान असताना वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, मोठ्या सायकलवर नळीखालून पाय घालून चालवायला मला तिनंच शिकवलं होतं. कॅरिअर धरून ती बांधावरून माझ्यामागं पळायची. त्या दिवशी ती मला म्हणाली, "तुला म्या शिकवली, तू हिला शिकव. झाली फिट्टंफाट." येताना तिनं मागं बसून माझ्या पाठीवर कपाळ टेकलं होतं, ऊन लागतंय म्हणून. त्या दिवशी मी सुखात होतो. हे मला तेव्हाच कळत होतं, नंतर कळलं असं नाही.

अक्का डिंभ्याला परत गेली त्यानंतरच्या मंगळवारी भाचीनं लिंब गाठला. भिंत सोडली, दोन्ही हात पसरले, मान ताठ, आणि एक चाक त्या खडबडीत रस्त्यावरून वेडंवाकडं होत निघालं ते थेट बुंध्याला जाऊन धडकलं. गल्लीतल्या बायका दारात आल्या होत्या. म्हातारा लंगडत तिच्यापाशी गेला आणि त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "झाली तुझी. आता दहा वरीस बसली न्हाईस तरी इसरायची न्हाईस. आंगाला कळल्यालं आंग इसरत न्हाई." त्यानंतरच्या रविवारी मीही लिंबापर्यंत गेलो, पण कुणी दारात आलं नाही. पैशाचं बोलणं चहा संपायच्या आत उरकलं. म्हातारा मला म्हणाला, "पैसं तुमचं, पण इकली मी तिला."

तेव्हाच ती कॅरिअरला बांधून घरी आणायची होती. भाचीनं दोरीही काढली होती. मी म्हाताऱ्याला म्हणालो, "आठ-दहा दिस ऱ्हाऊ द्या हितंच. मी येऊन नेतो." भाचीचा चेहरा उतरला. मी तिला सांगितलं, "घोडेगावला एक काम हाय. त्या दिवशी देतो तुला. झ्याक पुसून बिसून." तिनं लगेच मान डोलावली. मामा म्हणतोय म्हणजे काहीतरी कारण असणार, असं तिला वाटलं असेल. कारण होतं.

आदल्या हिवाळ्यात आबा गेले होते. आई आधीच गेलेली. वारस नोंद झाली आणि सातबाऱ्यावर माझं आणि अक्काचं, दोघांची नावं आली. मला विहिरीवर नवीन वीजजोड घ्यायचा होता. प्रत्येक कागदावर दोघांची सही लागायची आणि दर वेळी अक्काला डिंभ्याहून बोलवावं लागायचं. चुलते म्हणाले, "बहिणीची हक्कसोड घेऊन टाक. पण रिकाम्या हातानं सही घेऊ नको." आमच्याकडे ही रीतच आहे. बाप गेला की बहीण जमिनीतला हक्क सोडते, भाऊ तिला साडीचोळी घेतो, जेवू घालतो, आणि माहेरचं दार उघडं राहतं. याला कुणी व्यवहार म्हणत नाही. ज्या बहिणी हक्क सोडत नाहीत त्यांच्याबद्दल पारावर काय बोलतात ते मी ऐकलंय. मीही बोललोय.

अक्काला मी विचारलं नाही. सगळं इथं येऊन थांबतं, म्हणून सरळ लिहितो. मी तिला फोनवर म्हणालो, "अक्का, घोडेगावला एका सहीला यावं लागंल." ती म्हणाली, "कशाच्या?" मी म्हणालो, "ते आबांच्या जमिनीच्या कागदाचं." ती थोडा वेळ गप्प राहिली. अक्का सातवीपर्यंत शिकलीय आणि पेपर वाचते. तिला कळलं नसेल असं नाही. ती थांबली होती ती मी नीट विचारीन म्हणून. मी विचारलं नाही, कारण विचारलं की समोरच्याला नाही म्हणता येतं. मग मी भाचीचं काहीतरी सांगितलं आणि फोन ठेवला.

सायकल मात्र मी विचार करून मागं ठेवली होती. भाची खूश असली की अक्काच्या तोंडून नाही येत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पोरगी चाकावर फिरत असेल, अक्का हसत असेल, आणि त्या हसण्यात सही होऊन जाईल. असं मी ठरवलं होतं. त्या वेळी मला ते हुशारीचं वाटलं होतं.

शाळा सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात ते झालं. भाची दोन दिवस आधीच डिंभ्याला गेली होती. मी पहाटे जुन्नरला गेलो, सायकल घेतली आणि तसाच घोडेगावला आलो. अक्का आणि भाची बसनं आल्या. नोंदणी कचेरीच्या आवारात मी अक्काच्या हातात साडीची पिशवी दिली आणि भाचीच्या हातात सायकल. भाचीनं चप्पल काढली, भिंतीला हात लावला आणि निघाली. कामाला आलेले लोक भोवती जमले. कुणी शिट्टी मारली. अक्का म्हणाली, "आरं, आत्ता? हितं?" पण ती हसत होती. सगळं मी ठरवलं तसंच चाललं होतं.

आमचा नंबर आला. भाची सायकल बाहेर ठेवायला तयार होईना, म्हणून ती घेऊनच आत आली. साहेब बिचारे सज्जन होते. त्यांनी कागद उघडला आणि त्यातलं वाक्य अक्काला वाचून दाखवलं, की मी कोणताही मोबदला न घेता, कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने हक्क सोडत आहे. मग सगळ्यांना विचारतात तसं तिला विचारलं, "बाई, समजलं ना? काही मोबदला वगैरे मिळालाय का?"

अक्का बोलायच्या आधी भाची बोलली. शाळेत उत्तर येत असलं की बोलतात, तशी. "मामांनी सायकल दिली की! आजच द्यायची म्हणून ठिवली व्हती."

खोलीतले सगळे हसले. आमचा एक साक्षीदार म्हणाला, "लिवा मग साहेब, मोबदला एक चाक." मीही हसलो. अक्का हसली नाही. तिनं माझ्याकडे वळून बघितलं.

"ठिवली व्हती?"

एवढंच. ती कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीत बसली, पदर डोक्यावरून नीट घेतला, फोटो काढून दिला, अंगठा टेकवला आणि कागदाच्या प्रत्येक पानावर सावकाश, एकेक अक्षर सुटं काढून सही केली. पेन मिटवून साहेबांच्या हातात दिलं. भाची तोवर मागं सायकलचं चाक हातानं फिरवत उभी होती.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "चला, जेवू आता." अक्का म्हणाली, "बस हाय बाराची." डिंभ्याची बस वेळेवर आलेली मी जन्मात बघितली नव्हती. त्या दिवशी ती वेळेवर आली. साडी तिनं नाकारली नाही, तेवढा अपमान तिनं माझा चारचौघांत केला नाही. कंडक्टरनं सायकलवरून कटकट केली, मग भाचीनं ती मांडीवर घेतली. खिडकीतून ती मला हात करत राहिली. अक्का सरळ समोर बघत बसली होती.

राखीला दरवर्षी ती यायची. गेल्या वर्षी राखी पोस्टानं आली. डिंभे ते अवसरी अंतर ते किती, आणि पोस्टाचं पाकीट. आत राखी, अक्षतांची पुडी, आणि चिठ्ठी नाही. बायकोनं ती माझ्या हाताला बांधली. फोन केला की अक्का उचलायची. शेतात काम हाय, लावणी चाललीय, पोरीला सर्दी झालीय. भांडली असती तर मला कळलं असतं काय करायचं. भांडण मला जमतं. दिवाळीची सुट्टी लागली आणि पिशवी घेऊन बसमधून कुणी उतरलं नाही.

बायको म्हणाली, "भाऊबीजेला तुमी जाऊन या. अन् नुसतं जाऊन येऊ नका, बोलून या." त्याआधी मी वकिलाला विचारून आलो होतो की सोडलेला हक्क परत देता येतो का. बक्षीसपत्र करून देता येतो म्हणाले. ते ऐकून मला हलकं वाटलं होतं. कागदानं झालेलं कागदानं निघेल, असं मला वाटत होतं. मोटारी भरणारा माणूस मी. जळकी तार काढली की नवी भरता येते.

डिंभ्याला अक्कानं सगळं रीतीनं केलं. पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, माझ्या डोक्यावर रुमाल ठेवला, कुंकू लावलं, सुपारीनं ओवाळलं, निरांजनानं ओवाळलं, करंजी भरवली. त्यात काही कमी नव्हतं, म्हणूनच मला धड बसवेना. पाहुण्याला करतात तसं ती माझं करत होती. दाजी उठून बाहेर गेले तेव्हा मी म्हणालो, "अक्का, तुझा वाटा मी परत तुझ्या नावावर करतो. वकिलाशी बोललोय."

ती ताटातली निरांजनं विझवत होती. "म्या मागितला का?"

"न्हाई. पण—"

"तू मला इचारलं असतंस ना, तर म्या चालत येऊन सही केली असती. साडीबी नको व्हती मला. आबांची जमीन तू कसतोस, मला काय करायची व्हती? पण तू मला इचारलं न्हाईस. तू पोरीला मधी घातलंस." मग ताट खाली ठेवत म्हणाली, "त्या दिवशी म्या न्हाई म्हनले असते, तर तिच्या हातातनं सायकल काढून घेतली असतीस का? सांग."

मी काढून घेतली नसती. आज शपथेवर सांगू शकतो. पण तिथं पाटावर बसून माझ्या तोंडून ते निघालं नाही, कारण मी सायकल ज्या हिशेबानं ठेवली होती त्या हिशेबात हा प्रश्न कुठंतरी होताच. ती उत्तराची वाट बघून चहा ठेवायला आत गेली.

मी मागच्या अंगणात आलो. भाची तिथं होती. पाच महिन्यांत ती उंच झाली होती, फ्रॉक गुडघ्याच्या वर गेला होता. वाळत घातलेल्या जाळ्यांच्या मागं भिंतीला एकचाकी टेकलेली दिसली. टायर बसलेला, रिमला गंज. मी उगाच आवाज चढवून म्हणालो, "काय गं, बसून दाखव की मामाला!"

"मला येत न्हाई आता," ती म्हणाली. "इसरले."

आंगाला कळल्यालं आंग इसरत न्हाई, हे म्हाताऱ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं तेव्हा मी शेजारी होतो. तिला आठवत होतं, मला आठवत होतं. ती जाळ्याच्या दोऱ्याशी चाळा करत राहिली आणि मग अगदी हळू, घरात जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मामा, मी तवा बोलले नसते, तर आई आली असती ना तुमच्याकडं?"

मला काय झालं ते कसं सांगू. पाच महिने ही पोर हे घेऊन हिंडत होती. तिचं एक वाक्य, सगळे हसले, आणि त्यानंतर आईचं माहेर बंद झालं, मामा बंद झाला. तिनं तिच्या परीनं कारण शोधलं होतं आणि ते तिला स्वतःत सापडलं होतं.

मी म्हणालो, "न्हाई गं. तुझं काय चुकलं त्यात?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "मग कुणाचं चुकलं?"

एक शब्द होता. माझं. एवढाच. अक्का स्वयंपाकघराच्या खिडकीत होती, तिला ऐकू गेलं असतं, आणि ते तिलाच ऐकू जायला हवं होतं. गिऱ्हाइकाला दारातून हाकलताना माझ्या तोंडाला शब्द कमी पडत नाहीत. त्या अंगणात मी म्हणालो, "चल, चहा झाला असंल."

निघताना भाचीनंच सायकल आणून माझ्या कॅरिअरला बांधली. दोरीच्या गाठी जुन्नरला मी शिकवल्या होत्या तशाच मारल्या. म्हणाली, "आई म्हनली, ही घेऊन जा." अक्का दारात उभी होती. "सावकाश जा," म्हणाली. घोडेगावच्या पुढं मला रस्ता नीट दिसेना म्हणून गाडी बाजूला घेतली आणि तिथं, रस्त्याच्या कडेला, मी रडलो. आबा गेले तेव्हा इतका रडलो नव्हतो.

ती घरात ठेवायचं धाडस होईना, म्हणून दुसऱ्या दिवशी ती म्हाताऱ्याला परत द्यायला जुन्नरला गेलो. त्यानं दोरी सोडूही दिली नाही. "म्या ती पोरीला इकलीय. तुमची न्हाई, तुमी कशी परत देता?" मग टायर दाबून बघितला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "पडली का?" मी म्हणालो, "न्हाई, मीच." त्यानं फुकटात हवा भरून दिली.

म्हणून ती दुकानात टांगलीय. माझी नाही, म्हणून मी बसत नाही. या मे महिन्यातही भाची आली नाही. दोनदा मी डिंभ्याला जायला निघालो. एकदा घोडेगावपर्यंत गेलो, स्टँडवर डिंभ्याची बस लागलेली बघितली आणि परत फिरलो. दर वेळी स्वतःला सांगतो की तो एक शब्द फोनवर बोलण्यासारखा नाही, समोर बसून बोलायला हवा. आणि समोर बसलो होतो तेव्हा चहाचं काढलं.

गंज मी कापडानं घासून काढलाय. महिन्यातून एकदा हवा भरतो. परवा गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा ती खाली काढली आणि पाना घेऊन शीटचा बोल्ट ढिला केला, कारण अकराच्या बेंबीला लावलेलं शीट आता तिला पुरणार नाही. दोन बोटं वर घेतलं. मग वाटलं, तीन घ्यावं, या वयात पोरी झपाट्यानं वाढतात. अंदाजानं चार घेतलं, परत तीन केलं. बायको चहा घेऊन आली तर मी सायकलशेजारी उभा राहून हवेत हात धरून बघत होतो, भाचीचं डोकं कुठवर येत असेल ते. तिनं विचारलं, "एवढी झाली आसंल?" मला माहीत नव्हतं. बोल्ट मी तसाच ढिला ठेवलाय.